घरात डिमेन्शिया आला, तर नागपुरात मदत कशी जमवायची

कोपऱ्यावरचा किराणावाला एका दुपारी दारात येऊन उभा राहिला. "काका, काकूंनी आज तिसऱ्या खेपेला साखर नेली जी. घरी काही कार्यक्रम आहे का?" मी म्हटलं, "हो, पाहुणे येऊन राहिले." पाहुणेबिहुणे कोणी नव्हते. स्वयंपाकघरात साखरेचे सात पुडे निघाले, त्यातले दोन कणकेच्या डब्यात.

मी महावितरणचा निवृत्त यंत्रचालक, म्हणजे उपकेंद्रातला ऑपरेटर. ही महालातल्या एका शाळेत शिक्षिका होती, पाचवी ते सातवीला मराठी आणि गणित. आता ती ७१ वर्षांची, मी ७४. त्रिमूर्तीनगरात राहतो. मुलगा पुण्याला, मुलगी अमरावतीला. तिला डिमेन्शियाचं, म्हणजे स्मृतिभ्रंशाचं, निदान होऊन पाच वर्षं झाली. त्याआधीची दोन वर्षं मी ते झाकण्यात घालवली. ती दुकानात पैसे द्यायची विसरली की मागून जाऊन हिशोब मिटवायचा, भिशीच्या बायकांना "बीपी वाढलाय" म्हणून सांगायचं, लग्नाला गेलोच तर जेवून लगेच निघायचं. त्या दोन वर्षांत आम्हाला कुणीही मदत केली नाही. करणार कसे? कुणाला ठाऊकच नव्हतं.

आता कॉलनीतलेच लोक विचारायला येतात, म्हणून जे केलं आणि जे चुकलं ते लिहून ठेवतो.

आधी सांगायला शिका

आपल्याकडे याला "साठी बुद्धी नाठी" म्हणतात, नाहीतर "म्हातारचळ". डिमेन्शिया म्हटलं की लोक विचारतात, "म्हणजे पागलपण का?" म्हणून मी एक ठरलेलं वाक्य तयार केलं: "हिच्या मेंदूचा आजार आहे. विसरते, रस्ता चुकते. रागावली तरी मनावर घेऊ नका. एकटी दिसली तर थांबवून मला फोन करा." यापेक्षा जास्त सांगितलं तर लोक घाबरतात आणि कमी सांगितलं तर विसरतात.

हे वाक्य मी अकरा जणांना सांगितलं. किराणावाला, दूधवाला, समोरचं मेडिकल स्टोअर, दोन्ही बाजूचे शेजारी, इस्त्रीवाला, ऑटो स्टँडवरचे दोघे, मंदिराचे पुजारी, भाजीवाली आणि वरच्या मजल्यावरचं पोट्टं, जे दिवसभर गॅलरीतच असतं. प्रत्येकाकडे माझा नंबर आहे. किराणावाला आता साखर देत नाही, "उद्या घेऊन जा काकू" म्हणतो आणि ती खुशाल परत येते. आमच्या घरची पहिली सपोर्ट सर्व्हिस म्हणाल तर हीच. एक रुपया लागला नाही.

ज्येष्ठ नागरिक मंडळात सांगायला मला जास्त जड गेलं. तिथं मुलांच्या पॅकेजच्या गप्पा चालतात. देशभरातल्या एका मोठ्या पाहणीनुसार भारतात साठीच्या वरच्या दर शंभरात सातेक जणांना डिमेन्शिया आहे, एकूण ८८ लाखांच्या घरात. आमच्या मंडळात ६५ जण. म्हणजे चार-पाच घरं असायलाच हवीत, असा हिशोब करून मी उभा राहिलो आणि बोललो. बैठक संपल्यावर दोघे जण चपला घालता घालता रेंगाळले. एकाची आई, एकाची बायको. आम्ही तिघं आता महिन्यातून एकदा चहाला बसतो. सपोर्ट ग्रुप म्हणतात तो हाच. कुठं डायपर स्वस्त मिळतात इथपासून रात्री रडू येतं इथपर्यंत सगळं तिथं बोलता येतं.

निदान कुठं, आणि जाताना काय न्यायचं

मेडिकलच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, सुपर स्पेशालिटीत न्यूरॉलॉजीची (मेंदूविकारांची) ओपीडी आहे. मेडिकल आणि मेयो या दोन्ही सरकारी रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहे, मिहानला एम्स आहे, आणि खासगी न्यूरॉलॉजिस्ट रामदासपेठ-धंतोलीत पावलोपावली. मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला लाजू नका. आमच्या पिढीला "मानसोपचार" म्हटलं की पागलखाना चौकच आठवतो. पण संशय, भास, रात्रीची उठबस या गोष्टी तेच नीट हाताळतात.

निदान म्हणजे फक्त "किती वाजले", "गणित जमलं का" एवढं विचारणं नव्हे. बी-१२, थायरॉइड, सोडियम, साखर यांच्या रक्ततपासण्या आणि मेंदूचा स्कॅन झालाच पाहिजे. थायरॉइड किंवा बी-१२ कमी असेल, डोक्याला मार लागून आत रक्त साकळलं असेल, खोल नैराश्य असेल, तरी माणूस असाच वागतो, आणि त्यावर इलाज आहे. कान आणि डोळेही तपासून घ्या. हिचा अर्धा गोंधळ मोतीबिंदूचा होता.

गोळ्यांबद्दल फार आशा धरू नका. डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मिन, मेमँटिन ही औषधं काहींना काही काळ थोडा आधार देतात, आजार बरा करत नाहीत. आणि मेडिकल स्टोअरमधून सर्दीची, खाजेची, झोपेची गोळी परस्पर आणून देऊ नका. सर्दीच्या जुन्या पद्धतीच्या बऱ्याच गोळ्यांनी गोंधळ वाढतो. मी दिली होती. दोन दिवस ती भिंतीवरच्या मुंग्या वेचत होती. भिंतीवर मुंग्या नव्हत्या.

सरकारी ओपीडीत पेशंटला घेऊन तीन तास रांगेत बसणं ही शिक्षा आहे, दोघांनाही. आम्ही असं करतो: मी आधी जाऊन केस पेपर काढतो, नंबर जवळ आला की शेजारचा ऑटोवाला तिला घेऊन येतो. तिच्या पिशवीत एक जुनी वही आणि लाल पेन असतं. ती रांगेत बसून वही तपासते. शेजारच्या बाईला एकदा तिने दहापैकी चार दिले होते, बाईने काहीच लिहिलं नव्हतं तरी.

रजिस्टर

बाकी सगळं वाचायचं सोडलं तरी चालेल, एवढं वाचा.

उपकेंद्रात पाळी बदलताना जाणारा ऑपरेटर येणाऱ्याला लॉगबुक देऊन जातो. दर तासाचं व्होल्टेज, लोड, कुठला फीडर (वीजवाहिनी) कधी ट्रिप झाला म्हणजे आपोआप बंद पडला, कुणाचं परमिट (लाइनवर काम करायची परवानगी) चालू आहे, सगळं लिहिलेलं. तोंडी सांगितलेलं तिथं चालत नाही, कारण तोंडी सांगितल्याने माणसं मेलेली आहेत. ३१ वर्षांची सवय म्हणून मी घरीही एक दोनशे पानी लांब वही घातली. रकाने असे: वेळ, खाणं, पाणी (पेले मोजून), लघवी, शौच, झोप, औषध, आणि शेवटचा "ट्रिप". म्हणजे ती कधी भडकली, रडली, घराबाहेर निघाली, आणि त्याच्या आधी अर्ध्या तासात काय झालं होतं.

दोन महिन्यांनी पानं उलटून पाहिली तर दोन गोष्टी दिसल्या. एक, दहातले सात ट्रिप संध्याकाळी साडेपाच ते सातमध्ये. दिवस कलला की अशा माणसांची घालमेल वाढते, हे डॉक्टरांना माहीत असतं. मला वहीने सांगितलं. तेव्हापासून पाच वाजताच घरातले सगळे दिवे लावतो, पडदे ओढतो, खिडकीच्या काचेत प्रतिबिंब दिसू देत नाही. (काचेतल्या बाईला ती "कोण आहे ही, घरात काहून आली?" म्हणून हाकलायची. हे "काहून" आता आलं. मास्तरीणबाईंनी आयुष्यभर पोरांचं "काहून" खोडून "का" लिहायला लावलं, आणि आता माहेरची बोली वर आली.) दुसरी गोष्ट, ज्या दिवशी मोठी आदळआपट, त्याच्या आधीचे दोन दिवस शौचाचा रकाना कोरा. पोट दुखतंय हे तिला सांगता येत नव्हतं, म्हणून ती ताट फेकत होती. आम्ही झोपेच्या औषधाचा विचार करत होतो, आणि काम झालं पपई आणि इसबगोलाने.

डॉक्टरांना तोंडी "फार त्रास देते हो" सांगितलं तर ते शांत ठेवायची गोळी लिहून देतात. तीही कधीकधी लागते. पण डिमेन्शियाच्या वृद्धांत त्या प्रकारच्या गोळ्यांनी पक्षाघाताचा आणि मृत्यूचा धोका वाढतो. म्हणून लिहून दिली तर विचारा: कशासाठी, किती दिवस, कधी बंद करायची. वही पुढे केली की डॉक्टरही वेगळे प्रश्न विचारतात.

या वहीने एकदा तिचा जीवही वाचवला असं मी मानतो. मे महिना, पारा ४५ च्या वर. दोन दिवसांत ती एकदम बदलली. उठेना, ओळखेना, बोलणं असंबद्ध. एका डॉक्टरांनी आजार पुढच्या टप्प्यात गेला म्हणून सांगितलं. वहीत पाण्याचे पेले दिवसाला तीन आणि लघवी एकदाच, तीही जळजळीची. दुसरीकडे नेलं तर लघवीचा संसर्ग आणि शरीरातलं पाणी कमी झालेलं. आठवड्याभरात ती पुन्हा पहिल्यासारखी झाली. लक्षात ठेवा, डिमेन्शिया महिन्या-वर्षांनी सरकतो. तासा-दिवसांत माणूस पालटला तर दुसरं काहीतरी झालं आहे, त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि नागपूरच्या उन्हाळ्यात "पाणी पी" म्हणत बसू नका, ती "आत्ताच प्यायले" म्हणणार. कैरीचं पन्हं, पातळ ताक, टरबुजाच्या फोडी हाताशी ठेवायच्या.

उन्हाळ्यावरून आठवलं, हे माझ्या खात्यातलं म्हणून बजावतो: कूलर. दरवर्षी आपल्याकडे कूलरच्या शॉकने माणसं जातात. विसरणारा माणूस चालू कूलरच्या टाकीत हात घालतो. अर्थिंग तपासा आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवून घ्या, महिन्यातून एकदा त्याचं टेस्ट बटण दाबा. बाकी घरातलं भराभर सांगतो. बाथरूमची आतली कडी काढली, गॅसचा रेग्युलेटर वापर झाला की बंद, फिनेलची बाटली कुलपात, संडासाच्या दाराला वेगळा रंग, रात्री तिथपर्यंत बारीक दिवा.

घरात माणूस ठेवताना

आजाऱ्याकडे पाहायला माणसं पुरवणाऱ्या ब्युरोतून बाई मिळते, बारा तासांची किंवा चोवीस तासांची. आम्ही बारा तासांचे महिन्याला १६,००० देतो. ओळखीतून आलेली असेल तर ब्युरोचं कमिशन वाचतं, पण ती सुटीवर गेली की बदली मिळत नाही. आधार कार्डाची प्रत घ्या, पोलीस पडताळणी करा, काय काम आहे आणि काय नाही हे कागदावर लिहा. भांडी-फरशी तिच्या गळ्यात मारली तर ती पेशंटकडे पाहणार कधी? आठवड्याची सुटी द्याच, नाहीतर ती महिन्यात पळते.

आमच्या पहिल्या तिघी टिकल्या नाहीत. एक दिवसभर मोबाइलवर, दुसरीला हिने "माझ्या पाटल्या चोरल्या" म्हटलं आणि ती रडत गेली. पाटल्या मुलीकडे अमरावतीला ठेवलेल्या. त्यानंतर मी अनुभव विचारायचं सोडून एकच प्रश्न विचारू लागलो: "ती तुमच्यावर चोरीचा आळ घेईल. काय कराल?" तिसरी म्हणाली, "मी तर तिथल्या तिथं ऐकवीन." तिला तरी ठेवलं, गरज होती म्हणून, आणि पस्तावलो. चौथी म्हणाली, "मी म्हणीन, बाई, चला आपण दोघी मिळून शोधू." ती ताई आजही आहे.

ताईला घरात आणायचं कसं, हा वेगळाच प्रश्न होता. "तुझी काळजी घ्यायला आली" म्हटलं की ही दार लावून घ्यायची. मग ताईनेच युक्ती काढली. दारातूनच नमस्कार केला, "बाई, ओळखलं का? तुमची विद्यार्थिनी." बाईंनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "गृहपाठ आणला का?" खोटं बोलावं की नाही यावर मुलाने फोनवर बराच वाद घातला. त्याचं म्हणणं मला पटतं. पण तो पुण्यात आहे.

शाळा सुटल्यावर ताईची पोरगी येते, आणि मग रोज चार ते पाच आमच्याकडे वर्ग भरतो. ही तिसापर्यंतचे पाढे, पावकी, निमकी एका दमात म्हणवून घेते. दुपारी काय जेवली ते विचारलं तर सांगता येत नाही. मोठ्या शहरांत डिमेन्शियासाठी दिवसभराची केंद्रं असतात, तिथं जे करून घेतात ते हेच: हाताला ओळखीचं काम. तुमचा माणूस शिंपी असेल तर त्याला कापडाच्या चिंध्या द्या, दुकानदार असेल तर चिल्लर मोजायला द्या. वाटाणे सोलायला सगळ्यांनाच येतात. आणि "आठवतं का?" हे दोन शब्द घरातून हद्दपार करा.

हरवली तर

एकदा हरवली. मी आंघोळीला गेलो आणि बाहेर येतो तर दार उघडं. तिने ऑटो थांबवला, "महाल, बडकस चौक" असा ठणठणीत पत्ता सांगितला, आणि ऑटोवाल्याने सभ्य बाई पाहून नेऊन सोडलं. आम्ही सबंध सकाळ त्रिमूर्तीनगर, प्रतापनगर पालथं घालत होतो. ती बडकस चौकात एका बंद दुकानाच्या पायरीवर शाळेची वाट पाहत बसली होती.

तेव्हा पहिलं, शोध जुन्या पत्त्यांवर घ्या: माहेर, जुना वाडा, शाळा, कारखाना, रोजचं देऊळ. दुसरं, ११२ ला लगेच फोन करा आणि ठाण्यात तक्रार द्या. चोवीस तास थांबावं लागतं हा गैरसमज आहे. तिसरं, रोज सकाळी तयार झाली की मोबाइलवर एक फोटो काढा. "कुठल्या रंगाची साडी होती" हे त्या घाबरगुंडीत आठवत नाही. चौथं, अंगावर नंबर असू द्या. गळ्यातलं ओळखपत्र ती काढून फेकायची. काळी पोत मात्र काढत नाही, म्हणून रुपयाएवढ्या स्टीलच्या चकतीवर नंबर कोरून तीच पोतीत ओवली. सोनं काढून घेतलं. आणि एस.टी.चं ध्यान ठेवा: पंचाहत्तरीनंतर प्रवास फुकट आहे, खिशात पैसे नसले तरी गणेशपेठेतून माणूस कुठेही जाऊ शकतो.

कागदपत्रं, सही जाते त्याच्या आधी

हिची निवृत्तिवेतनाची सही एका नोव्हेंबरात जुळेनाशी झाली. खिडकीवरच्या साहेबांनी तिला सहा वेळा सही करायला लावली, सहाव्या वेळी तिने लाल पेनाने त्यांच्याच फॉर्मवर "सुवाच्य अक्षर काढा" असं लिहिलं. त्या बँकेत पुढच्या वेळी मी तयारीने गेलो. सही करता न येणाऱ्या आजारी खातेदाराचा अंगठा दोन साक्षीदारांसमोर घेता येतो, त्यातला एक बँकेचा माणूस, ही रिझर्व्ह बँकेचीच सूचना आहे. सत्तरीच्या वरच्यांना घरपोच बँकिंग द्यायलाही बँकांना सांगितलेलं आहे. हयातीचा दाखला आता पोस्टमनला घरी बोलावून किंवा मोबाइलवर चेहरा दाखवूनही होतो.

पण मोठी गोष्ट पुढची. कुलमुखत्यारपत्र केलं की झालं, असं सगळ्यांना वाटतं. आपल्या कायद्यात करून देणाऱ्याची समज गेली की ते मुखत्यारपत्र संपतं, म्हणजे नेमकं गरज पडते तेव्हाच. मग बायकोच्या नावावरचा फ्लॅट विकायचा तर पालक नेमून घ्यायला कोर्टाची पायरी, आपल्याकडे सिव्हिल लाइन्समधलं उच्च न्यायालयाचं खंडपीठ. म्हणून निदान झालं त्याच महिन्यात, माणूस समजून-उमजून बोलतोय तोवर, ही कामं उरका: सगळी खाती "दोघांपैकी कोणीही" अशी जोडखाती, नॉमिनेशन, मृत्युपत्र (डॉक्टरांच्या दाखल्यासह), आणि शेवटी व्हेंटिलेटर हवा की नको याचं लेखी इच्छापत्र. हे इच्छापत्र सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केलं. २०२३ पासून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर, दोन साक्षीदारांसह करता येतं. हिने केलं. वकील वाचून दाखवत होते तेव्हा तिने त्यांचं शुद्धलेखन सुधारलं.

सरकारकडून काय मिळतं ते थोडक्यात. सत्तरीच्या वर सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार. पण भरती झालात तर, घरी बाई ठेवण्याला नाही. शासकीय रुग्णालयातल्या दिव्यांग बोर्डाकडून डिमेन्शियासाठी मानसिक आजाराखाली प्रमाणपत्र मागता येतं. अपंगत्व ४० टक्के किंवा त्याहून जास्त असेल आणि न्यूरॉलॉजिस्टचा दाखला असेल तर, ८०डीडीबी म्हणून सगळे ओळखतात ती प्राप्तिकरातली उपचारखर्चाची वजावट ज्येष्ठांसाठी १ लाखापर्यंत, जुन्या करप्रणालीत. कुटुंबाचं उत्पन्न २ लाखांच्या आत आणि वय ६५ पूर्ण असेल तर मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून ३,००० रुपये, कमोड खुर्ची, वॉकर, चष्मा, श्रवणयंत्र अशा वस्तूंसाठी. समाजकल्याणच्या कार्यालयात विचारा. अगदीच आधार नसलेल्यांना श्रावणबाळ योजना, तहसीलमध्ये.

फोन नंबर दोनच पाठ करा. १४५६७, ज्येष्ठांची एल्डरलाइन, सकाळी ८ ते रात्री ८: पेन्शन, कायदा, छळ, बेवारस सापडलेला म्हातारा, सगळ्याला. आणि १४४१६, टेली-मानस, चोवीस तास, मराठीत. वाचायला काही हवं असेल तर अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया ही १९९२ पासूनची संस्था आहे, आणि डिमेन्शिया केअर नोट्स हे संकेतस्थळ, इंग्रजीत आणि हिंदीत.

तुमचं काय

१४४१६ मी स्वतःसाठी फिरवला आहे. रात्री अडीच वाजता ती पाचव्यांदा उठून "मला घरी जायचंय" म्हणत दाराशी गेली आणि मी तिचा दंड धरून तिला खाटेवर बसवलं. सकाळी तिथं निळं दिसलं. ताईने पाहिलं, काही बोलली नाही. मी रजिस्टरमध्ये लिहिलं: २.३०, ट्रिप, माझा. पुढच्या रात्री फोन लावला. पलीकडच्या मुलीने उपदेश केला नाही, एवढंच विचारलं, "काका, तुम्ही सलग किती तास झोपता?" तीन.

तेव्हापासून बुधवार आणि शनिवार रात्रीची बाई. वेगळे पैसे लागतात, ते मुलगा देतो. लांबच्या नातेवाइकांना "काळजी घ्या" म्हणू देऊ नका, काम द्या, तारीख-वेळेसकट. मुलाकडे औषधांची ऑर्डर, विमा, टॅक्स, बँकेचे ईमेल. मुलगी दोन महिन्यांतून पाच दिवस येते आणि मी त्या दिवसांत घरात थांबत नाही. रविवारी सकाळी शेजारी तासभर बसतात, मी कस्तुरचंद पार्ककडे जाऊन तर्री पोहे खातो. पहिल्या वेळी घास उतरला नाही. आता दुसरी प्लेट घेतो.

आणि "घरी जायचंय" याला उत्तर "हेच तर घर" हे नाही, सांगून पाहा, आग भडकते. आम्ही म्हणतो, "चला, चहा घेऊन निघू." चहा होईपर्यंत ते घर मागे पडतं, बहुतेक वेळा.

नाहीच जमलं तर

मी दोन आश्रम पाहून आलो आहे, गुपचूप नव्हे, मुलांना सांगून. एका ठिकाणी फळ्यावरच लिहिलं होतं, स्वतःचं स्वतः करणाऱ्यांनाच प्रवेश. फोनवरच हे विचारून घ्या, पेट्रोल वाचेल. दुसऱ्या ठिकाणी दुपारी बोलावलं. मी रात्री आठला येतो म्हटलं. आश्रम रात्रीच पाहायचा असतो: किती जणांमागे किती माणसं, दार रस्त्यावर उघडतं का, डायपर रात्री बदलतात का, न सांगता भेटायला येऊ देतात का, तब्येत बिघडली तर कुठल्या दवाखान्यात नेतात, अनामत परत मिळते का. माणसांची नखं पाहा. आणि विचारा, "आंघोळीला नाही म्हटलं तर काय करता?" "नंतर पुन्हा विचारतो" हे बरोबर उत्तर. त्या जागेचं नाव वहीच्या मागच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलने लिहून ठेवलंय.

कारण उद्या मीच पडलो तर? वहीचं पहिलं पान त्यासाठी आहे, तुमच्याकडेही असू द्या. अनोळखी माणसाने ते वाचून पाळी सुरू केली पाहिजे. आमच्या पानावर औषधांच्या वेळा आहेत, डॉक्टरांचा आणि मुलांचा नंबर आहे, गॅसचं बटण कुठं ते आहे, घास गिळायला वेळ लागतो म्हणून सरळ बसवून भरवा, मध्ये बोलू नका, हे आहे. मग पुढे: "नावाने हाक मारली तर कधीकधी वळत नाही, 'बाई' म्हटलं की वळते. मला दादा म्हणते, तिच्या भावासारखं, तेव्हा दुरुस्त करू नका. चहा कपात नाही, पितळी पेल्यात. अर्धाच भरा."